सहावे साधन : काशीची गल्ली, मधुमेह आणि वेदनेला विचारलेला प्रश्न

वाराणसीत पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या वरच्या अंगाला दूधविनायक नावाचा मोहल्ला आहे. पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी घरे इथल्या गल्ल्यांतून नांदत आली. या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाने भिंतीला टेकून वाट द्यावी. रुग्णवाहिका इथे शिरत नाही. ती मोठ्या रस्त्यावर थांबते आणि रुग्णाला खुर्चीवर किंवा खाटेवर घालून तिथपर्यंत न्यावे लागते.

अशा मोहल्ल्यात मध्यरात्री एखाद्या मधुमेही वृद्धाला दरदरून घाम सुटला, तो असंबद्ध बोलू लागला, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो : साखर वाढली की उतरली? दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. उतरलेल्या साखरेवर चुकून इन्सुलिन दिले तर जीव जाऊ शकतो. रुग्णालय गाठेपर्यंतच्या वेळात कोणी काय पाहिले आणि काय विचारले, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

पाहणे आणि विचारणे या दोन कृतींचा इतिहास याच नगरीशी जोडलेला आहे.

सुश्रुतसंहितेची मांडणी गुरुशिष्यसंवादाची आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी सांगतो आणि सुश्रुतादी शिष्य ऐकतात. हा ग्रंथ एका हाताने, एका काळात लिहिला गेलेला नाही. त्यावर अनेक शतकांचे थर चढले आहेत. परंपरेने मात्र त्याचे मूळ काशीत मानले. त्याच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात, नव्याने व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या वैद्याने रुग्णाच्या घरी जाऊन काय करावे, याचे विवेचन आहे. पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे या तीन साधनांनी रोग कळतो असे काहींचे मत असल्याचे ग्रंथकार नोंदवतो आणि ते अपुरे ठरवतो. त्याच्या मते साधने सहा आहेत : पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न.

या सहांतली दोन साधने मधुमेहाच्या संदर्भात फार बोलकी आहेत. जिभेने कळणाऱ्या गोष्टींचे उदाहरण म्हणून ग्रंथाने प्रमेहादी रोगांतील चवींचा उल्लेख केला आहे. प्रश्नाने जाणून घ्यायच्या बाबींत देश, काळ, रोगाचा आरंभ, रुग्णाचे बळ, भूक, मलमूत्राची प्रवृत्ती यांच्याबरोबर वेदनेची तीव्रताही आहे. वेदना डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, हातालाही थेट लागत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. म्हणून तिच्यासाठी सहावे साधन.

चरकसंहितेने चवीच्या बाबतीत वेगळी वाट धरली. रुग्णाच्या शरीरातील रस वैद्याने स्वतः चाखू नये, अनुमानाने जाणावा, असे ती सांगते. माश्या अंगावर येऊन बसू लागल्या तर शरीरात माधुर्य आले आहे असे समजावे, आणि तोंडाची चव कशी आहे हे रुग्णालाच विचारावे. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत तिने मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्यांबरोबर हातापायांची बधिरता आणि दाह यांचीही नोंद केली आहे. पावलांची आग आणि त्याच पावलांचे बधिरपण एकत्र नांदते, हे आजही मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येणारे गाऱ्हाणे आहे. मज्जातंतूंना झालेली इजा हे त्याचे कारण आता ज्ञात आहे. लक्षण मात्र तेव्हाच नोंदवले गेले होते.

सुश्रुताने चिकित्सास्थानात प्रमेही रुग्णांचे दोन गट केले. एक जन्मतः आलेला. त्यातला रुग्ण कृश, कमी खाणारा, अतिशय तहानलेला आणि अस्वस्थ. दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. त्यातला रुग्ण स्थूल, भरपूर खाणारा, बैठकीची व झोपेची आवड असलेला. आजच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी हे वर्णन तंतोतंत जुळते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण प्रमेह ही संकल्पना आजच्या मधुमेहाहून अधिक व्यापक होती. तरीही दोन वेगळी माणसे समोर ठेवून दोन वेगळे उपचार सांगणारी नजर निरीक्षणातून घडली होती, एवढे नक्की.

विसाव्या शतकात काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेदाचे अध्यापन करणाऱ्या डॉ. भास्कर गोविंद घाणेकर या मराठी विद्वानाने सुश्रुताच्या सूत्र, निदान आणि शारीर या स्थानांवर हिंदीतून विस्तृत टीका लिहिली. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या या अध्यापकाने जुन्या वचनांशेजारी नवे शरीरशास्त्र ठेवले. काशीत रचला गेल्याचे मानले जाणारे ज्ञान काशीतच एका मराठी माणसाने नव्या विद्यार्थ्यांसाठी उलगडावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मात्र जुन्या संहितांत एक रेघ स्पष्ट आखलेली आहे. चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. सुश्रुताचा परिचारक स्नेहाळ, किळस न बाळगणारा, बळकट, रुग्णाच्या रक्षणात तत्पर, वैद्याचे सांगणे पाळणारा आणि न थकणारा असावा. चरकाच्या मते त्याला शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, प्रेम आणि शुचिता हवी. या दोन्ही याद्यांत प्रश्न विचारण्याचे काम नाही. सहावे साधन वैद्याच्या हाती होते आणि परिचारकाच्या वाट्याला आज्ञापालन आले होते. हे साधन वैद्याच्या हातून परिचारिकेच्या हाती कसे आले, हा खरा इतिहासाचा विषय आहे.

युरोपात मधुमेहाचे कोडे आधी चवीनेच सुटू लागले. 1674 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने मधुमेही मूत्राच्या गोडव्याची नोंद केली. 1776 मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून मागे उरलेला पदार्थ साखर असल्याचे दाखवले. त्यानंतर जिभेची जागा रसायनाने घेतली. 1857 मध्ये विल्हेल्म पेटर्सने मधुमेही मूर्च्छेतील रुग्णाच्या मूत्रात ॲसिटोन असल्याचे नोंदवले, आणि 1874 मध्ये जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमाउलने अशा रुग्णांचा विलक्षण श्वास टिपला. श्वसनमार्गात कुठलाही अडथळा नाही, फुप्फुसात दोष नाही, तरी रुग्ण खोल, मोठे, धापेसारखे श्वास घेत राहतो.

या श्वासामागील कारण आज शाळकरी विद्यार्थ्यालाही समजू शकेल. इन्सुलिन नसले की पेशींना साखर वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होते. हे आम्ल कमी करण्याचा शरीरापाशी तातडीचा एकच उपाय असतो : कार्बन डायऑक्साइड वेगाने बाहेर टाकणे. म्हणून तो खोल श्वास. त्याच श्वासाला अतिपिकल्या फळासारखा वास येतो, कारण ॲसिटोन त्यातून बाहेर पडत असते. वाढलेली साखर मूत्रावाटे जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात, नाडी जलद होते. इन्सुलिनपूर्व काळात हे चित्र दिसले की वैद्याच्या हाती फारसे काही उरत नसे.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो जनरल रुग्णालयात 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोचली गेली. अर्क अशुद्ध होता, परिणाम किरकोळ झाला. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर 23 जानेवारीला पुन्हा उपचार सुरू झाले आणि या वेळी मुलाची साखर उतरली. वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्याच प्रसंगाने रुग्णालयांत एक नवे संकट आणले, हे तुलनेने कमी सांगितले जाते. इन्सुलिन आले आणि त्याबरोबर साखर फार खाली जाण्याचा धोकाही आला. घाम, थरथर, भूक, चिडचिड, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी, असा त्याचा क्रम. वैद्य सकाळ-संध्याकाळ फेरी मारून जात. रात्री दोन वाजता वॉर्डात जागी असे ती सिस्टर. तिने दोन बेशुद्धींतला फरक ओळखला नाही, तर ओळखायला दुसरे कोणी नव्हते.

तिच्यापाशी साधने मोजकी होती. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाचे 5 मिलिलिटर परीक्षानळीत घ्यायचे, त्यात मूत्राचे 8 थेंब टाकून उकळायचे आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि विटकरी लाल या चढत्या क्रमाने साखर अधिक. ही चाचणी काही तासांपूर्वीची बातमी देत असे, कारण मूत्राशयात साठलेले मूत्र आताच्या रक्ताविषयी सांगत नाही. रक्ताच्या एका थेंबावर चालणारी पट्टी 1960 च्या दशकात आली आणि त्यानंतर ग्लुकोमीटर. तोवर ओलसर त्वचा की कोरडी, श्वास उथळ की खोल, वास आहे की नाही, यावरच बराचसा निवाडा होत असे. सुश्रुताची पाच इंद्रिये या काळात परिचारिकेच्या ठायी कामाला लागली होती.

भारतात मात्र ही परिचारिका उभी राहण्याआधी एक सामाजिक लढाई व्हावी लागली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले होते. मुंबईत 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आल्या. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून होतो. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तिथल्या स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळू लागले.

त्या काळच्या मराठी विधवेपुढे असलेल्या मोजक्या मार्गांपैकी काशीवास हा एक होता. केशवपन, लाल आलवण, एकभुक्त व्रत आणि गंगेकाठच्या एखाद्या वाड्यातील खोली. पुण्याहून ससूनच्या वॉर्डाकडे जाणारी वाट याच स्त्रीला दुसरीकडे नेत होती. त्या वाटेवरचा मोठा अडसर स्पर्शाचा होता. परजातीच्या, परपुरुषाच्या, मलमूत्राने माखलेल्या देहाला हात लावायचा, याने घराणी बिथरत. सुश्रुताने परिचारकासाठी सांगितलेला किळस न बाळगण्याचा गुण या स्त्रियांनी समाजाचा रोष पत्करून अंगी बाणवला. इकडे काशीतही आजारी पडून बेवारस झालेल्या यात्रेकरूंसाठी 1900 मध्ये काही तरुणांनी सेवाकार्य आरंभले. तेच पुढे रामकृष्ण मिशनचे सेवाश्रम झाले. मोक्षाच्या नगरीत मरणाऱ्याला पाणी, स्वच्छता आणि औषध देणे हेही कर्तव्य आहे, असे त्या तरुणांनी कृतीने सांगितले.

इथवर परिचारिकेला पाहण्याचा अधिकार मिळाला होता. विचारण्याचा आणि मिळालेले उत्तर प्रमाण मानण्याचा अधिकार अजून दूर होता. रुग्ण कळवळतो आहे की नाटक करतो आहे, हे वैद्य ठरवत असे. 1968 मध्ये मार्गो मॅककॅफरी या अमेरिकी परिचारिकेने या सवयीला छेद दिला. वेदना अनुभवणारा माणूस जी सांगेल ती वेदना, आणि तो आहे म्हणेल तेव्हा ती असते, असा तिच्या मांडणीचा आशय होता. निर्णयाचा अधिकार तिने खाटेवरच्या माणसाला दिला. 1975 मध्ये रोनाल्ड मेल्झॅकने मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे 78 शब्द 20 गटांत लावले होते.

सुश्रुताच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायाचा वाचक ही प्रश्नावली पाहून थबकतो. तिथे जखमांच्या वेदनांची अशीच वर्गवारी आहे. टोचणारी, फोडणारी, घुसळणारी, चुणचुणणारी ती वाताची. भाजणारी, धुपणारी ती पित्ताची. जडपणा, बधिरता आणि मंद दुखणे हे कफाचे. दोषांचा सिद्धांत आज कोणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेला नाही. दुखण्याचा प्रकार विचारला तर त्याच्या उगमाचा माग लागतो, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे समान आहे. मराठीत यासाठी शब्दांचे भांडार आहे : ठणका, कळ, चमक, शिणक, सल, ठसठस, रग, आग, चुणचुण, मुंग्या. पायात आग आणि मुंग्या म्हणणारा मधुमेही मज्जातंतूंकडे बोट दाखवतो. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबले की जातो असे म्हणणारा रक्तवाहिन्यांकडे. जखमेत ठणका आहे म्हणणाऱ्याच्या पायात पू साठत असण्याचा संशय घ्यावा लागतो. केरळातून आलेली परिचारिका आणि मराठवाड्यातून आलेला रुग्ण यांच्यात हे शब्द हरवले, तर निदानही हरवते. शून्य ते दहा या मोजपट्टीवर सांगितलेला आकडा तीव्रता कळवतो. ठणका आणि आग यांतला भेद त्या आकड्यात मावत नाही.

मधुमेहाच्या आणीबाणीत वेदनेचा प्रश्न तीन वळणांवर निर्णायक ठरतो.

पहिले वळण पोटदुखीचे. रक्त आम्लधर्मी झालेल्या रुग्णाला, विशेषतः मुलांना, ओकाऱ्या आणि तीव्र पोटदुखी होते. ती आंत्रपुच्छाच्या दुखण्याशी इतकी मिळतीजुळती असते की शस्त्रक्रियेची तयारी व्हावी. सिस्टरने तहान, लघवी आणि वजनातील घट यांबद्दल विचारले आणि बोटाच्या टोकावर ग्लुकोमीटर लावला, तर खरे कारण पुढे येते. सलाईन आणि इन्सुलिनने आम्लता ओसरली की बहुधा पोट शांत होते. आम्लता गेली आणि दुखणे राहिले, तर पोटात खरोखर दुसरे काही आहे, असे समजून शोध घ्यावा लागतो. म्हणून पोटदुखी एकदा विचारून भागत नाही. ती दर काही वेळाने विचारावी आणि घड्याळाच्या वेळेसह लिहावी.

दुसरे वळण डोकेदुखीचे. उपचार सुरू झाल्यावर आकडे सुधारत असताना एखादे मूल डोके दुखते म्हणू लागते, सुस्तावते, चिडते. मेंदूला सूज येत असल्याची ही पहिली खूण असू शकते. ही गुंतागुंत विरळ आहे, पण प्राणघातक आहे. यंत्रांवरचे आकडे त्या क्षणी समाधानकारक दिसत असतात. धोक्याची सूचना फक्त मुलाच्या तक्रारीत असते.

तिसरे वळण सर्वांत फसवे, कारण तिथे वेदना नसते. दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतू बोथट झाले की हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येता येऊ शकतो. धाप, घाम, मळमळ किंवा नुसता थकवा एवढेच दिसते. साखर अचानक भडकण्यामागे असा मुका झटका दडलेला असू शकतो. पावलांचेही तेच. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ओळखले की त्यांच्या पायांची झीज मुख्यत्वे वेदना हरपल्यामुळे होते. 1966 नंतर अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी हीच दृष्टी मधुमेही पायांकडे वळवली. आज 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून परिचारिका तपासते की रुग्णाला तो जाणवतो का. दुखत नाही हे उत्तर तिथे दिलासा देत नाही.

वेदनेला आकड्यात बसवण्याचा अतिरेकही इतिहासाने पाहिला. 1990 च्या दशकात अमेरिकेत वेदनेला नाडी, तापमान, श्वास आणि रक्तदाब यांच्या पंक्तीत पाचवे स्थान देण्याची मोहीम चालली. हेतू चांगला होता. पण आकडा खाली आणणे हेच उद्दिष्ट बनले आणि अफूजन्य औषधांच्या बेसुमार वापराला अन्य कारणांबरोबर यानेही हातभार लावला, अशी टीका झाली. 2016 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेने ही संकल्पना सोडून द्यावी अशी भूमिका घेतली. आकडा लिहून प्रश्न मिटवला गेला, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण 11.4 टक्के येते. यातील बहुतेकांची पहिली आणीबाणी रुग्णालयाबाहेर, एखाद्या घरात घडणार. तिथे परिचारिका नसेल, म्हणून तिचे प्रश्न तरी घरात असायला हवेत. शेवटचे जेवण केव्हा झाले? इन्सुलिन किंवा गोळी केव्हा आणि किती घेतली? उलट्या झाल्या का? लघवी वाढली की थांबली? ताप आहे का? कुठे दुखते, कसे दुखते, आधी असे कधी दुखले होते का? साखर 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर राहून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. श्वास खोल, जीभ कोरडी आणि तोंडाला फळासारखा वास असेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

दूधविनायकाच्या गल्लीतून रुग्णाची खुर्ची मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचते, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे बरोबर नेणारा एक माणूस सोबत असला पाहिजे. रुग्णालयात ग्लुकोमीटर आहे, रक्ततपासणी आहे, हृदयाचा आलेख आहे. शेवटची सुई केव्हा टोचली आणि दुखणे केव्हा सुरू झाले, हे मात्र यांपैकी कोणतेही यंत्र सांगत नाही. ते विचारावेच लागते.

#मधुमेह #परिचर्या #विज्ञानाचा_इतिहास